बफरब्लोट

बफरब्लोट : राऊटर, मोडेम किंवा संगणकाच्या नेटवर्क कार्डात गरजेपेक्षा मोठे बफर (पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पुढे जाईपर्यंत साठवून ठेवण्याची जागा) असल्यामुळे, इंटरनेट जोडणी पूर्ण क्षमतेने वापरात असताना निर्माण होणारा जादा विलंब. घरात बसलेल्या माणसाला हा विलंब म्हणून जाणवत नाही, ‘नेट येतं-जातं’ असे वाटते. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा आवाज तुटतो, पान अर्धवट उघडून थांबते, दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने उघडलेल्या टर्मिनलात टाइप केलेले अक्षर उमटायला सेकंद-दोन सेकंद लागतात, आणि थोड्या वेळाने सगळे आपोआप सुरळीत होते. मग वेगचाचणी करून पाहिली तर योजनेत ठरलेला वेग पुरेपूर मिळतो. जोडणी तुटलेली नसतेच. घरातला एखादा फोन त्या वेळी दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवत असतो.

लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या इतिहासात या दोषाला वेगळे स्थान आहे. त्यावरचे सर्वात परिणामकारक उपाय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, जगभरच्या स्वयंसेवकांनी आणि अभियंत्यांनी उघडपणे लिहून, तपासून घडवले. घरातला लिनक्स संगणक हे तो दोष पकडण्याचेही उत्तम साधन आहे.

कारण

इंटरनेटवर माहिती पाठवण्याच्या टीसीपी या नियमावलीला मार्गाची क्षमता आधी माहीत नसते. पाठवणारा संगणक वेग वाढवत नेतो, आणि एखादे पॅकेट हरवले की मार्ग भरला असे समजून वेग कमी करतो. म्हणजे हरवलेले पॅकेट हा टीसीपीसाठी निरोप असतो. लिनक्समध्ये २००६ पासून मूळ पर्याय म्हणून असलेली क्युबिक ही पद्धतही याच निरोपावर चालते.

मेमरी स्वस्त झाली तसे उपकरणांतले बफर मोठे होत गेले. पॅकेट गमावू नये हा त्यामागचा हेतू होता. परंतु बफर मोठा असला की तो भरेपर्यंत पॅकेट हरवत नाही, निरोप पोहोचत नाही, आणि पाठवणारा वेग वाढवतच राहतो. बफर भरलेलाच राहतो. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला, मग ते कॉलमधल्या आवाजाचे असो की संकेतस्थळाचा पत्ता विचारणारे असो, त्या संपूर्ण रांगेच्या मागे उभे राहावे लागते.

साधे गणित पुरेसे आहे. २५६ किलोबाइटचा बफर म्हणजे सुमारे २१ लाख बिट. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल तर तो रिकामा व्हायला सुमारे २.१ सेकंद लागतात. वेग १०० मेगाबिट असेल तर सुमारे २१ मिलिसेकंद. तोच बफर एका घरात निरुपद्रवी आणि दुसऱ्या घरात असह्य ठरतो. उपकरण बनवणारा सर्वात वेगवान जोडणी डोळ्यांपुढे ठेवून बफर ठरवतो आणि स्वस्त योजनेचा ग्राहक त्याची किंमत मोजतो.

विलंब बहुधा अपलोडच्या बाजूने सुरू होतो, कारण अनेक जोडण्यांत तोच मार्ग अरुंद असतो. त्याचा फटका डाउनलोडलाही बसतो. उतरवून घेतलेल्या प्रत्येक मजकुराची पोच उलट दिशेने जावी लागते, आणि त्या पोचा फोटोंच्या रांगेत अडकतात. त्यामुळे काहीच मोठे उतरवत नसतानाही ‘डाउनलोड बंद पडलं’ अशी तक्रार होते.

इतिहास

मोठ्या रांगांचा धोका इंटरनेटच्या सुरुवातीच्या अभियंत्यांना ठाऊक होता. जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये आरएफसी ९७० या (इंटरनेटविषयीच्या क्रमांकित टिपणांपैकी एका) टिपणात दाखवले की अमर्याद साठवण असलेले जाळेसुद्धा गर्दीने कोलमडते. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली यांच्यामधल्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. दोन्ही ठिकाणांत अंतर होते जेमतेम ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी या प्रसंगातून टीसीपीचे गर्दी-नियंत्रण घडवले. जेकबसन यांचा त्यावरचा निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी रेड ही पद्धत मांडली. रांग भरण्याआधीच अधूनमधून पॅकेटे टाकून पाठवणाऱ्याला सावध करावे, ही तिची कल्पना. कल्पना योग्य होती, पण प्रत्येक जोडणीसाठी तिचे आकडे हाताने जुळवावे लागत, म्हणून बहुतेक ठिकाणी ती बंदच राहिली.

पुढचा टप्पा एका घरात सुरू झाला. एक्स विंडो प्रणालीच्या जनकांपैकी एक असलेले जिम गेटिस २०१० मध्ये बेल प्रयोगशाळेत काम करत होते. घरून मोठ्या फायली पाठवताना आपल्या जोडणीचा विलंब सेकंदाच्या वर जातो हे त्यांनी टिपले, आणि नाइलाज म्हणून सोडून न देता त्याचा छडा लावला. बर्कलीच्या आयसीएसआय संस्थेने नेटॅलायझर या चाचणीतून जमवलेली माहितीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. घरोघरच्या मोडेममध्ये बफर फार मोठे आहेत, हे तीतून दिसले. दोष एका घरापुरता नव्हता. गेटिस यांनी या प्रकाराला बफरब्लोट असे नाव दिले.

डेव्ह टॅट यांनी गेटिस यांच्यासोबत या प्रश्नावर काम करणारा गट उभारला. उपाय खऱ्या राऊटरवर तपासता यावेत म्हणून ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्स-आधारित प्रणालीवरून सेरोडब्ल्यूआरटी ही प्रायोगिक आवृत्ती तयार झाली. टॅट यांनी पुढची अनेक वर्षे, एप्रिल २०२५ मध्ये निधन होईपर्यंत, याच एका प्रश्नाला दिली. या विषयात त्यांच्याइतका जीव क्वचितच कोणी ओतला असेल.

२०१२ या एका वर्षात बरेच काही घडले. लिनक्स ३.३ मध्ये बाइट क्यू लिमिट्स ही सोय आली आणि नेटवर्क कार्डाच्या आतली छुपी रांग आवरली गेली. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याच उन्हाळ्यात एरिक ड्युमाझे यांनी तिचे एफक्यू-कोडेल हे रूप कर्नलमध्ये आणले. ते लिनक्स ३.५ पासून उपलब्ध आहे.

कोडेल रांगेची लांबी पाहत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते. हा या सगळ्या कामातला सर्वात सुंदर विचार आहे. क्षणभर वाढणारी रांग वाईट नसते, कारण ती धक्का शोषून घेते. वाईट असते ती न ओसरणारी रांग. म्हणून प्रतीक्षा सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली, तरच कोडेल पॅकेट टाकू लागते, आणि रांग ओसरेपर्यंत टाकण्याचा वेग वाढवत नेते. हे आकडे कोणत्याही वेगाच्या जोडणीला जवळजवळ तसेच चालतात, आणि रेडला जमले नव्हते ते नेमके हेच. एफक्यू-कोडेल त्यापुढे जाऊन प्रत्येक संवादाला वेगळी रांग देते. मूळ मांडणीत अशा १,०२४ रांगा असतात आणि त्यांना आळीपाळीने पुढे सोडले जाते. कॉलमधल्या आवाजाची तुरळक पॅकेटे त्यामुळे फोटोंच्या ढिगाऱ्यामागे अडकत नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये ही पद्धत आरएफसी ८२९० म्हणून नोंदली गेली.

लिनक्सवर निदान

या दोषाची लक्षणे इतर अनेक दोषांसारखी असतात, म्हणून आधी वेगळेपण पाहावे लागते. एखाद्या पत्त्यावर पॅकेट पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारा पिंग हा माइक मस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम त्यासाठी अजूनही पुरतो. टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत घरच्या राऊटरला पिंग लावावे (त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ सारखा असतो), दुसरीत १.१.१.१ किंवा ८.८.८.८ अशा बाहेरच्या पत्त्याला. दोन्ही चालू ठेवून पाच मिनिटे काहीही वापरू नये. मग एखादी मोठी फाईल अपलोड करायला लावावी आणि आकडे पाहावेत.

राऊटरचा आकडा स्थिर राहून बाहेरचा आकडा अपलोड सुरू होताच २० मिलिसेकंदांवरून ६००-८०० वर गेला, आणि अपलोड थांबताच परत आला, तर बफरब्लोट आहे. दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

राऊटरचाच आकडा उड्या मारत असेल तर प्रश्न घराच्या आत, बहुतेकदा वायफायचा आहे. त्यात लिनक्स लॅपटॉपवर आधी वायफाय कार्डाची वीजबचत तपासावी. बचत चालू असताना कार्ड मधूनमधून झोपते आणि काही यंत्रांवर राऊटरचे पिंगही शंभर मिलिसेकंदांवर जाते. नेटवर्कमॅनेजरच्या मांडणीत ‘पॉवरसेव्ह’चे मूल्य २ केले की ही बचत बंद होते. कर्नलच्या नोंदींमध्ये ‘डीऑथेंटिकेटेड’ असे शब्द वारंवार दिसत असतील तर जोडणी खरोखरच तुटत आहे आणि राऊटरचे चॅनल, अंतर किंवा कार्डाचे फर्मवेअर पाहायला हवे. शक्य असेल तेव्हा पहिली चाचणी केबल लावूनच करावी. त्याने निम्मे संशयित एका फटक्यात बाजूला होतात. केबलवरही इथटूल ही आज्ञा एक हजाराऐवजी १०० मेगाबिटचा वेग दाखवत असेल तर केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असण्याचा संभव मोठा, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात.

काहीच भार नसताना बाहेरचे पिंग हरवत असेल, तर दोष मार्गात किंवा सेवादात्याकडे आहे. आकड्यांचा पत्ता चालतो पण नाव दिले की थांबते, हा डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, दोष. काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, असे पीपीपीओईच्या (नाव आणि परवलीचा शब्द देऊन सुरू होणाऱ्या) जोडणीवर दिसले तर पॅकेटची कमाल लांबी पाहावी. तिथे ती १,५०० ऐवजी १,४९२ बाइट असते.

सेवादात्याकडे तक्रार करताना अनेकजण मार्गातल्या प्रत्येक राऊटरवरचा विलंब आणि नुकसान दाखवणाऱ्या एमटीआर या प्रोग्रॅमचा तक्ता जोडतात. तो वाचताना एक सावधगिरी हवी. मधल्या एखाद्या राऊटरवर पॅकेटे हरवताना दिसतात, पण शेवटच्या टप्प्यावर नुकसान शून्य असते. तो दोष नाही, तो राऊटर पिंगला उत्तर देणे मुद्दाम मागे टाकतो एवढेच. नुकसान एखाद्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकले तरच ते खरे मानावे.

जास्त बारकाईने मोजायचे तर टोके होयलँड-यॉर्गेनसन यांनी लिहिलेले फ्लेंट आहे. त्यातली एक चाचणी एकाच वेळी चार प्रवाह वर आणि चार खाली सोडून विलंबाचा आलेख काढते. ब्राउझरमधून फास्ट डॉट कॉमवरही भाराविनाचा आणि भाराखालचा असे दोन विलंब दिसतात. हा दुसरा आकडा सेवादात्यांच्या जाहिरातीत नसतो, आणि तो असायला हवा. भारतात ब्रॉडबँडची व्याख्यासुद्धा किमान डाउनलोड वेगावर बेतलेली आहे. २०२३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेली गेली. ऑनलाइन वर्गात बसलेल्या मुलाला त्या वेगाइतकाच विलंबही भोवतो.

उपाय

इथे अनेक लिनक्स वापरणारे अडखळतात. २०१४ पासून सिस्टमडी (लिनक्स सुरू होताना सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) एफक्यू-कोडेलला मूळ पर्याय करते, म्हणजे बहुतेक संगणकांवर ते आधीच चालू असते. तरीही विलंब जात नाही. कारण रांग मार्गातल्या सर्वात अरुंद जागी साचते, आणि ती जागा संगणकात नसून मोडेममध्ये किंवा सेवादात्याच्या यंत्रात असते. संगणकाला ती दिसतही नाही.

म्हणून अरुंद जागाच आपल्या ताब्यात आणावी लागते. राऊटरवर वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर बांधायची. मग मोडेमचा बफर कधी भरत नाही, रांग राऊटरमध्ये साचते, आणि तिथे एफक्यू-कोडेल तिला आवरते. ओपनडब्ल्यूआरटीवर एसक्यूएम हे पॅकेज हेच करते. जुना, दोन नेटवर्क कार्डांचा लिनक्स संगणकही राऊटर म्हणून हे काम उत्तम करतो. वेगाचा दहावा हिस्सा सोडावा लागतो हे पुष्कळांना पटत नाही. पण ५० पैकी ४५ मेगाबिट घेऊन सगळे घर एकाच वेळी काम करू शकत असेल, तर हा व्यवहार निःसंशय करण्यासारखा आहे.

लिनक्स ४.१९ (२०१८) मध्ये आलेले केक हे याच्या पुढचे रूप. वेगमर्यादा आणि रांगांची व्यवस्था त्यात एकत्र आहे, आणि ते घरातल्या प्रत्येक यंत्राला समान वाटा देऊ शकते. एकाच फोनने पन्नास प्रवाह उघडले तरी त्याला पन्नास वाटे मिळत नाहीत. वायफायसाठी वेगळे काम करावे लागले, कारण तिथे हवेतला वेळ वाटून द्यायचा असतो. कोपऱ्यातल्या खोलीतला मंद फोन तो वेळ खाऊन टाकतो आणि शेजारचा वेगवान लॅपटॉप थांबून राहतो. होयलँड-यॉर्गेनसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेला त्यावरचा उपाय लिनक्सच्या वायफाय विभागात समाविष्ट झाला आहे, पण कार्डाच्या चालकाने (ड्रायव्हरने) त्याला साथ द्यावी लागते.

राऊटर बदलता येत नसेल, तर त्यातली ‘क्यूओएस’ (कोणत्या वापराला प्राधान्य द्यायचे ते ठरवणारी) सोय पाहावी. तीही नसेल, तर क्लाउडवर फायली चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मांडणीतच अपलोडची मर्यादा घालता येते. हा उपाय कच्चा आहे, कारण तो एका प्रोग्रॅमपुरताच चालतो, पण परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी तो उपयोगी पडतो.

मर्यादा अशी की वेग बांधणाऱ्या राऊटरला प्रत्येक पॅकेट प्रोसेसरमधून न्यावे लागते. स्वस्त राऊटर काही शे मेगाबिटांच्या पुढे दमतो, आणि पॅकेटे प्रोसेसरला वगळून पुढे सोडणारी त्याची हार्डवेअर-गती सोय बंद ठेवावी लागते. मोबाइल हॉटस्पॉट किंवा ५जी-वर चालणाऱ्या घरगुती जोडणीचा वेग मिनिटागणिक बदलतो, त्यामुळे एकच मर्यादा बांधून भागत नाही. तिथे विलंब सतत मोजून मर्यादा खालीवर करणाऱ्या स्क्रिप्ट वापरल्या जातात.