सात घाटांची कृष्णाबाई: वाईच्या उत्सवामागची पार्श्वभूमी

महाबळेश्वरच्या डोंगरातून कृष्णा खाली उतरली की तिच्या काठी लागणारं पहिलं मोठं गाव वाई. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती, म्हणजे सातारा जिल्ह्यातलं हे एक तालुक्याचं गाव. दरवर्षी माघात इथे कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सव सुरू होतो आणि चैत्रापर्यंत चालतो. तो अख्ख्या गावाचा एकच असा नसतो. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी असा तो एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सरकत जातो. प्रत्येक आळीची कृष्णाबाई वेगळी, मांडव वेगळा, वर्गणी आणि हिशोबही वेगळा.

उत्सवाचा उगम परंपरा १६५९ सालात सांगते. अफजलखान तेव्हा वाईत तळ ठोकून होता. हे संकट टळलं तर तुझा उत्सव करू, असा नवस कृष्णेला बोलला गेला, अशी कथा आहे. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला. नवसाची कथा श्रद्धेची आहे आणि ती तशीच ऐकावी. पण खान वाईच्या सुभ्याचा पूर्वीचा सुभेदार होता आणि स्वारीत त्याची छावणी इथेच होती, हा इतिहास आहे. भीती दाराशी उभी असताना या गावाने हात जोडले ते नदीपुढे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज दिसणारे घाट आणि देवळं मात्र मुख्यतः पेशवाईतली. वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली होती. माधवराव पेशवे तिचेच पुत्र. या सोयरिकीमुळे रास्ते घराण्याचं वजन वाढलं आणि त्यांचा पैसा कृष्णाकाठी दगडात उतरला. आनंदराव रास्त्यांनी १७५७मध्ये काशीविश्वेश्वराचं मंदिर बांधलं, गणपतरावांनी १७६२मध्ये महागणपतीचं, म्हणजेच ढोल्या गणपतीचं. या देवळाच्या मागे जाऊन भिंत नक्की पाहावी. ती सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. पावसाळ्यात नदी फुगून घाटावर चढते, तेव्हा पाण्याचा लोंढा या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पाणी येणारच, हे धरून केलेलं बांधकाम आहे ते. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथल्या देवळापुढची मोठी घंटा पोर्तुगीज चर्चमधून आलेली असून तिच्यावर १७०७ हे साल आहे.

हा उत्सव नेमका याच दिवसांत का, याचं उत्तर मला तरी घाटाच्या पायऱ्यांवरच मिळतं. आषाढ-श्रावणात त्या पाण्याखाली असतात. माघ लागेपर्यंत पाणी उतरलेलं असतं, पायऱ्या कोरड्या आणि उन्हाचा चटका अजून बेताचा. मांडव घालायला, कीर्तनाला बसायला, पंगती उठवायला नदी स्वतःच जागा मोकळी करून देते. मग मूर्ती वाजतगाजत मांडवात येते, बायका ओटी भरतात, हळदीकुंकू होतं, महाप्रसादाला गर्दी लोटते. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं गणपतीला एक वेळ येणार नाहीत, पण आपल्या आळीच्या कृष्णाबाईला येतात.

याच गावाला विद्येचीही पेठ म्हणावं लागतं. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या पाठशाळेला १९१६पासून प्राज्ञपाठशाळा हे नाव मिळालं. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा इथे शिकायला आले होते. लक्ष्मणशास्त्री जोशी कोवळ्या वयात धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून आले आणि वाईचेच झाले. याच पाठशाळेत घडलेल्या या तर्कतीर्थांनी १९३३मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचं पौरोहित्य केलं. ज्या गावातल्या एका आळीचं नावच ब्राह्मणशाही आहे, तिथल्या शास्त्र्याने हे करावं, याचं मोल मोठं आहे. पुढे मराठी विश्वकोशाचं काम त्यांच्याच संपादकत्वाखाली वाईत उभं राहिलं आणि पहिला खंड १९७६मध्ये आला. त्याचं कार्यालयही गंगापुरीतच, म्हणजे कृष्णाबाईच्याच एका आळीत.

गेल्या अर्धशतकात नदीच बदलली. वाईच्या वर धोमला साडेतेरा टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण झालं, त्याच्याही वर बलकवडीचं. पूर्वीसारखा बेबंद पूर आता येत नाही, पण विसर्ग वाढवला की पाणी आजही ढोल्या गणपतीच्या घाटावर चढतं. उलट उत्सवाच्या दिवसांत घाटाशी पाणी किती असेल, हे आता धरणातून किती सोडलंय त्यावर ठरतं. प्रवाह थांबला की गावाचं सांडपाणी तिथेच साचतं. गेल्या काही वर्षांत वाईकर स्वतः घाटांवर उतरून सफाई करू लागले आहेत, पण झाडू-फावड्याने सांडपाणी अडत नाही. ते काम नगरपालिकेचं आहे. आळ्यांची संस्थानं आजवर मांडव, कीर्तन आणि पंगती चोख सांभाळत आली. सातही आळ्यांनी मिळून पालिकेकडे या पाण्याचा हिशोब मागायला हवा, कारण उत्सव ज्या देवीचा, ती मांडवात बसते तेवढीच वाहतेही.