वाय-फाय, वायमॅक्स आणि पल्ल्याचा प्रश्न

वाय-फाय जवळचे आणि वायमॅक्स (मनोऱ्यावरून दूरवर बिनतारी इंटरनेट पोहोचवणारे तंत्र) लांबचे, अशी विभागणी पंधरा-वीस वर्षांपूर्वी सर्रास केली जात असे. प्रत्यक्षात हा फरक भौतिकशास्त्राइतकाच परवान्यांनीही घडवला होता. वाय-फायचे पहिले मानक 1997 चे, वेग जेमतेम 2 मेगाबिट. भारतात वाय-फायचा 2.4 गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला, तोही प्रक्षेपणशक्तीवर मर्यादा घालून. वायमॅक्सची भिस्त मुख्यतः परवान्याच्या लहरींवर होती आणि कोणत्या उपकरणाने केव्हा बोलायचे हे मनोऱ्यावरचे केंद्र ठरवत असे. त्याच्या जाहिरातीतले 50 किलोमीटर आणि 70 मेगाबिट हे आकडे मात्र एकाच वेळी पदरात पडणारे नव्हते. नाशिकहून 50 किलोमीटर म्हणजे सिन्नर ओलांडून पुढे, आणि त्र्यंबकच्या बाजूला तर डोंगरच आडवे येतात.

खरा तिढा 2010 च्या लिलावाचा आहे. 2.3 गिगाहर्ट्झमधील 20 मेगाहर्ट्झचे पट्टे 'ब्रॉडबँड'च्या नावाने विकले गेले आणि सरकारी तिजोरीत सुमारे 38,500 कोटी रुपये आले. (नाशिक यात गोव्यासह महाराष्ट्र या दूरसंचार परिमंडळात मोडले, मुंबईचे परिमंडळ वेगळे.) या लहरींवर वायमॅक्स येणार, असा अनेकांचा कयास होता, पण अटींत तंत्रज्ञानाची सक्ती नव्हती आणि 2012 मध्ये कोलकात्यात याच लहरींवर सुरू झाली ती 4जी सेवा. ही मोकळीक योग्यच होती. वाद पेटला तो 2013 मध्ये, जेव्हा निव्वळ इंटरनेटचा परवाना असलेल्यांना 1,658 कोटी रुपये भरून दूरध्वनी सेवेचीही मुभा मिळाली. ही रक्कम 2001 मधील परवान्याच्या दराने ठरली होती. हे आधी ठाऊक असते तर बोली आणखी चढली असती, हा टीकाकारांचा आक्षेप सहज झटकता येण्यासारखा नाही.

वायमॅक्स मागे पडले, लांबचा पल्ला मोबाइल जाळ्याकडे गेला. 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या 605 मेगाहर्ट्झ लहरी परवानामुक्त झाल्यावर वाय-फायच्याच कुळातील उपकरणांना उघड्यावर ऐसपैस जागा मिळाली. दिंडोरीकडे एखाद्या द्राक्षबागेतील घरावर, गावातल्या मनोऱ्याकडे तोंड करून लहानशी तबकडी बसवली आणि मध्ये झाड आले नाही, तर अरुंद झोतामुळे काही किलोमीटरची जोडणी सहज टिकते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात मात्र माजघरातील राउटरच्या त्याच 5 गिगाहर्ट्झ लहरी जाडजूड भिंतीपलीकडच्या ओसरीपर्यंतही धड पोहोचत नाहीत.