घरी केलेले पॉइंट : बाण घेऊन दुकानात येण्याआधी एवढं वाचा

“धनुष्याची ओढ कमी झाली”, “शाफ्ट (बाणाची दांडी) वाकडी दिली” अशा तक्रारी घेऊन इंडियन राउंड (बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्याची तिरंदाजी) खेळणारी मुलं आणि त्यांचे पालक आमच्याकडे येतात. शाफ्ट फिरवून बघितली तर सरळ असते. मग पॉइंट (बाणाची धातूची टोकं) काढून काट्यावर ठेवले की उलगडा होतो. खिळा किंवा सळई कापून घरी केलेले असतात, एक सहा ग्रॅमचा तर दुसरा सातचा. या शोधात आमचा वेळ जातो आणि मुलांचा सराव बुडतो.

एका ग्रॅमने एवढं काय होतं, असं सगळेच विचारतात. पंचवीसेक ग्रॅमच्या बाणात ग्रॅमभर वजन वाढलं की तो थोडा हळू सुटतो आणि 50 मीटरवर साधारण दहा-पंधरा सेंटीमीटर खाली लागतो. 122 सेंटीमीटरच्या टार्गेटवर एक रिंग 6.1 सेंटीमीटरची. म्हणजे नेम बरोबर असूनही दोन गुण गेले. शिवाय टोक जड झालं की सुटताना शाफ्ट जास्त वाकते आणि बाण बाजूलाही सरकतो. मग सर मुलाला ओरडतात.

घरी पॉइंट करू नका असं आम्ही म्हणत नाही, सरावाला चालतात. पण सगळे एकाच सळईतून करा. साधं लोखंड पुरे, टार्गेटसाठी कडक पोलाद लागत नाही. तुकडा ड्रिलच्या चकमध्ये फिरता ठेवून कानस लावा (कानशीला मूठ हवी, डोळ्यांवर चष्मा हवा), तरच अणी मधोमध येते. हातात धरून घासलेली अणी दिसते सरळ, पण बाण फिरवला की डुगडुगते. सुईसारखी टोकदारही नको. दगडाला लागली की वाकते.

आता मुख्य गोष्ट. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. सगळ्यांत हलका पॉइंट तेच माप धरा आणि बाकीचे मागच्या बाजूने घासून तिथवर आणा. 0.1 ग्रॅमचा फरक चालेल. हलक्या पॉइंटमध्ये गोंद भरून वजन वाढवायच्या फंदात पडू नका. चिकटवताना पॉइंट तापवा, शाफ्ट नाही. कार्बनची शाफ्ट ज्योतीवर धरली तर ती गेलीच समजा.

आमचे पॉइंट लेथवर एका खेपेत काढून, वजन करून डझनाने मिळतात. सुटा एक देत नाही म्हणून काहीजण नाराज होतात. पण वेगळ्या खेपेतला एक मिसळला की बाराच्या संचात अकराच बाण उरतात. बाजारातल्या सुट्या पॉइंटपेक्षा आमचे महाग पडतात ते या निवडीमुळे.

रानडुकरांसाठी रुंद धारेची पाती कोणी मागू नयेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे आणि तसलं काम आम्ही करत नाही. पिकाचं नुकसान झालं असेल तर भरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करता येतो.

येताना नमुन्याला एकच बाण आणू नका, सगळा संच आणा. वजन फुकट करून देतो, घरच्या पॉइंटचंसुद्धा. फक्त सामन्याच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका, गोंद नीट बसायला रात्र जाऊ द्यावी लागते.