पंप मध्येच का सुटतो? दीर्घकालीन फुप्फुसविकाराच्या उपचारांची पार्श्वभूमी

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप वाढत जाण्याचा आजार. तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच, असा समज फार काळ टिकून होता. कोल्हापूर परिसरात मात्र गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमधील वाळूची धूळ यांमुळेही फुप्फुसे खराब होतात, आणि कधीही विडी न ओढलेल्या, पण आयुष्य चुलीपुढे काढलेल्या बायकाही या आजाराने धापा टाकतात. निदान झाल्यावर डॉक्टर ‘पंप’, म्हणजे श्वासातून औषध घेण्याचा इनहेलर, लिहून देतात आणि अनेकांच्या हातून तो काही महिन्यांत सुटतो.

उपचारातील सातत्याचा प्रश्न आपल्या देशाने आधी क्षयरोगात ओळखला. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे गावाबाहेरच्या आरोग्यधामात, ठेवण्याच्या काळात मिरजेजवळचे वानलेसवाडीचे सॅनेटोरियम कोल्हापूरकरांना जवळचे होते. 1956 मध्ये मद्रासला क्षयरोग उपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि घरी राहून औषधे घेणारा रुग्णही जवळजवळ तितकाच बरा होतो, हे त्याने 1959 मध्ये दाखवून दिले. पण घरी दिलेल्या गोळ्या रुग्ण नियमित घेतोच असे नाही, हेही तिथल्या अनुभवातून कळले आणि समोर बसवून औषध देण्याची पद्धत त्यातूनच पुढे आली. 1997 पासून देशाच्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली. औषध चुकले तर चौकशी करायला कुणीतरी घरी येईल, ही व्यवस्था त्यामुळे उभी राहिली.

सीओपीडीच्या वाट्याला अशी व्यवस्था आली नाही. दाबाने फवारा सोडणारा पहिला इनहेलर 1956 मध्येच अमेरिकेत बाजारात आला, 1969 मध्ये श्वासनलिका मोकळी करणारे साल्ब्युटामॉल आले आणि त्याच कामाचे, पण दिवसातून एकदाच घ्यायचे टायोट्रोपियम 2002 च्या सुमारास मिळू लागले. औषधे सुधारत गेली, पण ती घेतली जातात की नाही हे पाहण्याचे काम रुग्णावरच राहिले. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात इनहेलरला वेळ नोंदवणारे उपकरण जोडले होते. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार 73 टक्के रुग्णांनी दिवसातून तीनदा पंप घेतल्याचे सांगितले, पण उपकरणाच्या नोंदीत तितके सातत्य 15 टक्क्यांमध्येच आढळले. काहींनी तर तपासणीला जाण्याआधी तीन तासांत शंभराहून अधिक फवारे उडवून डबा रिकामा केला होता. या आकड्यांकडे लबाडी म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. डॉक्टर रागावतील ही भीती त्यामागे असावी, आणि रुग्णाला ती वाटावी यात उपचार करणाऱ्यांचाही दोष आहे.

2009 मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. 80 टक्क्यांहून अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी तीन वर्षांत 11.3 टक्के दगावले, तर कमी घेणाऱ्यांपैकी 26.4 टक्के. मात्र औषधाऐवजी निष्क्रिय फवारा मिळालेल्यांतही हाच फरक दिसला. म्हणजे आजार बळावलेल्या, घरी आधार नसलेल्या माणसाचे औषध आधी सुटत असेल, हीही शक्यता त्यात आहे.

कोल्हापुरात पंप सोडण्याची कारणे ऐकली की दोष एकट्या रुग्णाचा नाही, हेच जाणवते. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत घराघरांत आहे. धाप थांबली की औषध संपले असे वाटते, आणि रोजचा प्रतिबंधक पंप तर लगेच आराम देत नसल्याने निरुपयोगी ठरवला जातो. त्यात खर्च दर महिन्याचा. शासनाच्या आरोग्य विमा योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. घरी घ्यायच्या पंपाचे पैसे बहुतेकांना खिशातूनच द्यावे लागतात. 2010 च्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात होते. सीओपीडी त्यात नंतर आला. तोवर पंप कसा ओढायचा, किती वेळ श्वास रोखायचा आणि बरे वाटले तरी तो का सोडायचा नाही, हे रुग्णाला पुन्हा पुन्हा सांगण्याची जबाबदारी कुणावरच ठरलेली नव्हती.