जीर्णोद्धार आणि दुरुस्तीचा पैसा (जुनं ठाणे)

मासुंदा तलाव, जांभळी नाका, टेंभी नाका, चरई, खारकर आळी, महागिरी या जुन्या ठाण्याच्या पट्ट्यातली देवळं, वाडे, चाळी, वाचनालयं पाडून न टाकता वर्गणी, देणगी किंवा सरकारी अनुदानातून पुन्हा नीट उभी करायची, या कामाला हल्ली सगळे जतन किंवा हेरिटेज म्हणतात. जुना शब्द जीर्णोद्धार.

ठाण्यात याचं सगळ्यात नीट नोंदलेलं उदाहरण म्हणजे कोपिनेश्वर (कौपिनेश्वर असंही लिहितात) मंदिर. ते मुळात कधीचं यावर एकमत नाही. एक मत असं की ते शिलाहारांच्या काळातलं, म्हणजे साधारण ९ वं ते १३ वं शतक. ताम्रपटांत श्रीस्थानक म्हणून ठाण्याचं नाव येतं त्याचा आधार देतात, पण शिलाहारांची राजधानी 'पुरी' नेमकी कुठली, घारापुरी की आणखी कुठे, हाच वाद असल्याने नुसत्या नावावरून देवळाचं वय काढता येत नाही. मराठ्यांनी १७३७ ला ठाणे घेतलं आणि पुढे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी साधारण १७६० मध्ये मंदिर नव्याने बांधलं. जागा जुनी, बांधकाम पेशवाईतलं असं धरणं जास्त सुरक्षित वाटतं. आपल्या विषयाला खरी महत्त्वाची तारीख मात्र १८७९, कारण त्या वर्षी गावातल्या हिंदू लोकांनी ८,००० रुपये वर्गणी गोळा करून दुरुस्ती केली.

सगळे एकच म्हणत असले तरी नीट बघितलं तर जीर्णोद्धार आणि जतन एकच नाही. जीर्णोद्धारात झिजलेला दगड, कुजलेली तुळई काढून नवी घालतात आणि वास्तू जिवंत राहते, तर जतनाचा नियम असा की मूळचं जितकं टिकेल तितकं टिकवा. १९८४ ला स्थापन झालेल्या इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने २००४ च्या आपल्या सनदेत गवंडी-सुतारांच्या परंपरेलाही मान दिला, आणि राहत्या घरांसाठी तेच बरोबर आहे.

बांधकामाचं बघायचं तर जुन्या भिंती चुन्यात, त्यात सुर्खी म्हणजे विटांची भुकटी, कधी गूळ-बेलफळाचं पाणी. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडत नाही, खाडीची खारट हवा असतेच, मग दोन-तीन पावसाळ्यांत लोणा (भिंतीतला खार) फुटतो, हात फिरवला की पांढरी भुकटी बोटाला लागते आणि गिलाव्याचा पापुद्रा वीट घेऊनच सुटतो. तुळईचं पण तसंच, मधे सागवान ठणठणीत आणि भिंतीत शिरलेलं टोक भुसा झालेलं. कौलांवरून वय सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तिथे जपून. बाझल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा, त्यामुळे मंगलोरी कौलं त्याआधीची नसतात हे खरं, पण नळीची कौलं काढून नंतर मंगलोरी चढवलेली घरं असू शकतात, म्हणून कौल छपराचं वय सांगतं, घराचं नाही.

आता पैसा. अमेरिकेत नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १९७७ मध्ये तीन छोट्या शहरांत मेन स्ट्रीट हा जुन्या बाजारपेठा सावरायचा प्रयोग सुरू केला, तसं दुकानाच्या दर्शनी भागाला अनुदान वगैरे आपल्याकडे रुजलेलं नाही. १९६९ च्या कायद्यातलं जुन्या भाड्याच्या इमारती दुरुस्त करणारं मंडळ आणि त्यासाठीचा उपकर फक्त मुंबई शहर बेटापुरता, सायन-माहीमला संपतो, ठाण्यातल्या पागडीच्या चाळीला त्याचा उपयोग शून्य. वारसा असलेल्या शहरांसाठीची केंद्राची हृदय योजना (२०१५ ते २०१९) १२ शहरांची होती, त्यात महाराष्ट्रातलं एकही नव्हतं; यादीतली अमरावती आंध्रातली, आपली नव्हे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ऐतिहासिक वास्तूंच्या दुरुस्तीवर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढलेला पैसा खर्च करता येतो, पण कुठल्या कंपनीने चरईतल्या चाळीचं छप्पर का शाकारावं, हा प्रश्न उरतोच.

भाडं जुनं, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरूला वाटतं दुसऱ्याच्या घरात पैसा कशाला घालू. भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये सोय आहे: नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून कापायचा, वर्षाच्या भाड्याच्या जास्तीत जास्त पाव हिश्शापर्यंत. पण भाडंच महिना शंभर रुपये असेल तर पाव हिस्सा वर्षाला ३०० रुपये होतो, तेवढ्यात कौलं चाळायला माणूससुद्धा येत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी काम होतं ते बिऱ्हाडांनी काढलेल्या वर्गणीतूनच. जुन्या इमारतींचा अख्खा समूह एकत्र घेणाऱ्या क्लस्टर योजनेचा भर पुनर्बांधणीवर, सुटी जुनी वास्तू दुरुस्त करण्यावर नाही. जुन्या ठाण्याला वेगळा दुरुस्ती निधी हवा, छोटा असला तरी चालेल पण दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी हातात पडणारा.

वाचनालयांत मराठी ग्रंथ संग्रहालय (१८९३) सर्वांना माहीत आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. तिथे मध्यवर्ती कारागृह असल्याने वर्गणी-अनुदानाच्या चर्चेत तो येत नाही.