मोठे आतडे गेले, प्रतिपिंडे राहिली

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार. त्याची सूज मोठ्या आतड्यापुरतीच असते. त्यामुळे औषधांनी भागेनासे झाले की मोठे आतडे आणि गुदाशय दोन्ही काढून टाकतात. मग मल साठवायला लहान आतड्याच्या टोकाची घडी घालून एक पिशवी, म्हणजे पाऊच, शिवतात आणि गुदद्वाराला जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये अशी पिशवी पुढे आणली. आज सर्रास वापरतात ती ‘जे’ अक्षराच्या आकाराची सुटसुटीत पिशवी दोन वर्षांनी जपानच्या उत्सुनोमियांनी दिली.

रोगाचे घरच उठवले, तेव्हा प्रश्न मिटायला हवा. पण जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये पुढे कधी ना कधी ही नवी पिशवीच सुजते. शौचाच्या फेऱ्या वाढतात, कळ आली की दम धरवत नाही, रात्री झोपेत गळती होते. याला पाउचायटिस म्हणतात. बहुतेकांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकांनी उतार पडतो. काहींची मात्र ही सूज वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

दोष पिशवीचा म्हणावा, तर तेही जमत नाही. काही घराण्यांत मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होण्याचा आनुवंशिक विकार असतो. कर्करोग टाळण्यासाठी त्यांचेही आतडे काढतात आणि हीच पिशवी शिवतात. त्यांना पाउचायटिस क्वचितच होतो. म्हणजे फरक शिवणीत नाही, रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेत आहे, आणि त्याचा माग रक्तात काढता येतो.

यातली सर्वांत जुनी खूण म्हणजे पी-अँका: आपल्याच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर उलटलेली प्रतिपिंडे. चाचणीत काचपट्टीवर निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिल पेशी अल्कोहोलने पक्क्या करतात, वर रुग्णाच्या रक्ताचा पातळ केलेला सीरम घालतात आणि मग चमकणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या केंद्रकाभोवती हिरवी कड उजळली, तर चाचणी पॉझिटिव्ह. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत ती दिसते. विशेष म्हणजे मोठे आतडे काढल्यावरही अनेकांच्या रक्तात ही प्रतिपिंडे टिकून राहतात. माझ्या मते या विषयातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच. सुजलेला अवयव गेला, तरी प्रतिकारयंत्रणेची खोड गेली नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी पी-अँकाची पातळी खूप जास्त असलेल्यांना पुढे जुनाट पाउचायटिसचा धोका अधिक असतो, असे २००१ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. यात पातळी महत्त्वाची. नुसते ‘पॉझिटिव्ह’ फार काही सांगत नाही.

दुसरे नाव जीपी-२. हे प्रथिन स्वादुपिंडात बनते, पण आतड्याच्या अस्तरातल्या एम-पेशी नावाच्या पेशींवरही असते आणि तिथे काही जंतूंना पकडून प्रतिकारपेशींच्या ताब्यात देते. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या जुनाट सुजेच्या आजाराच्या काही रुग्णांत या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे सापडतात, आणि पिशवीला सूज आलेल्यांतही ती आढळली आहेत. यांच्यासोबत ‘आस्का’ ही प्रतिपिंडे नेहमी मोजतात. ती यीस्टच्या पेशीभित्तिकेविरुद्ध असतात, म्हणून काटेकोरपणे स्वप्रतिपिंडे नव्हेत. पण कोलायटिस समजून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात आस्का वाढलेले असेल, तर हा मुळात क्रोन्स तर नाही, अशी शंका घ्यायला जागा राहते. पिशवीत पुढे फिस्टुला, म्हणजे शेजारच्या अवयवाकडे किंवा त्वचेकडे जाणारा नको असलेला मार्ग, झाला तर ही शंका आणखी बळावते.

या प्रतिपिंडांनीच सूज आणली, असे मात्र सिद्ध झालेले नाही. पी-अँका असूनही अनेकांची पिशवी ठणठणीत राहते, नसूनही काहींची सुजते. त्यामुळे केवळ रक्ताच्या रिपोर्टवरून कुणाची शस्त्रक्रिया नाकारणे चुकीचे ठरेल. जोखीम जास्त दिसली तर रुग्णाला आधीच कल्पना देता येते, तक्रार सुरू होताच तपासणी लवकर करता येते. निदान शेवटी पिशवीत दुर्बीण घालून आणि अस्तराचा तुकडा तपासूनच होते.