कयाकवरून समुद्रात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचंय? मग आधी परत यायचं गणित मांडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास गुहागर किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर जाऊन बघा, समुद्र एकदम गप्प असतो. लाट जेमतेम घोट्याएवढी, पाणी सपाट, आणि नवीन कयाक (एकट्याने वल्हवायची छोटी, अरुंद होडी) घेतलेल्या माणसाला वाटतं की याच्यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही, चला बाहेर. नवख्यांना सगळ्यात जास्त फसवतो तो नेमका हाच समुद्र. कारण त्या वेळी वारा असतोच, फक्त तो तुमच्या पाठीमागून, जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. शाळेत भूगोलात शिकलो तेच मतलई वारे. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, तिच्यावरची हवा जड होऊन समुद्राकडे सरकते, आणि थंडीत हा वारा सकाळी नऊ-दहापर्यंतसुद्धा टिकतो.

आता लाट उठायला वाऱ्याला नुसता जोर असून भागत नाही, पाण्यावरून धावायला लांबी पण लागते. किनाऱ्यापाशी त्याला ती मिळत नाही म्हणून पाणी सपाट दिसतं, शिवाय मागची माडा-सुरूची झाडं वारा अडवतात. पण तोच वारा एक-दीड किलोमीटर बाहेर गेला की मोकळा सुटलेला असतो. तुम्ही मस्त वेगात चाललेले असता, वाटतं आज हात काय भारी चालतोय, आणि हाताचं अर्धं काम वारा करत असतो.

याचं साधं गणित करून बघू. समजा तुम्ही वल्हं मारून ताशी ५ किमी जाता (गळ, बर्फाची पेटी, पाणी असं सामान घेतलेल्या फिशिंग कयाकला हा वेग चांगलाच म्हणायचा) आणि वारा व प्रवाह मिळून तुम्हाला ताशी २ किमी बाहेर ढकलतायत. अर्ध्या तासात साडेतीन किलोमीटर बाहेर. परत येताना तेच २ किमी विरुद्ध, म्हणजे वेग ३ वर येतो, आणि तेच अंतर कापायला ७० मिनिटं. इथपर्यंत ठीक आहे. पण तोपर्यंत ढकलणं २ चं ४ झालं, तर वेग उरतो ताशी १ किमी, म्हणजे न थांबता साडेतीन तास, आणि ५ झालं तर तुम्ही दिवसभर वल्हं मारत तिथेच राहाल. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५ नॉटचा वारा १५ नॉट झाला की तुमच्या अंगावर आणि कयाकवर नऊपट रेटा. म्हणून माझं ठाम मत आहे की सुरुवातीला १० नॉटच्या वर, म्हणजे ताशी साधारण १८ किमीच्या वर वारा सांगितला असेल तर जायचंच नाही, आणि तो जमिनीकडून असेल तर त्याच्या निम्म्यावरच थांबायचं.

दुपारची गोष्ट वेगळी. ऊन चढलं की जमीन तापते आणि वारा उलटतो, खारे वारे सुरू होतात, कोकणात ते बहुतेक वायव्येकडून येतात आणि फेब्रुवारी ते मे दुपारी चांगलेच चढतात. हे तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलतात म्हणून बरं वाटतं खरं, पण ते तिरके दक्षिणेकडे पण नेतात, पाठीमागून तोकड्या उभ्या लाटा येत राहतात, आणि सकाळी जिथून घोटाभर पाण्यातून निघालात तिथे उतरताना लाटा फुटत असतात. त्यामुळे उजाडताना पाण्यात आणि दहा-साडेदहाला कयाक वाळूवर, हा हिशेब सोडायचा नाही, मासा लागत असला तरी. किंबहुना तेव्हा जास्तच, कारण मासा लागायला लागला की वेळेचं भान पहिलं जातं.

कयाक कुठली घ्यायची यावर लोक महिनोन् महिने व्हिडिओ बघतात, मी थोडक्यात सांगतो. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप. आत पाय घालून बसायच्या कयाकमध्ये पाणी भरलं की समुद्रात ते एकट्याने उपसणं फार अवघड. वर बसायच्या कयाकला बुडाला आरपार भोकं असतात, अंगावर आलेली लाट त्यातून निघून जाते. रुंदी ७५ ते ८५ सेंमी असली की नवख्याला ती स्थिर वाटते. मात्र ही स्थिरता सपाट पाण्यातली. रुंद, सपाट बुडाची कयाक पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहते, त्यामुळे लाटेचा उतार आला की ती पण तेवढीच कलते.

आणि एक गोष्ट बरेच जण तपासत नाहीत ती म्हणजे आतली पोकळी. कयाक तरंगते ती त्या बंद हवेवर. मागचं बूच नीट बसलं नाही, किंवा झाकणाचं रबर गेलंय, तर थोडं थोडं पाणी आत जातं आणि वरून काहीच कळत नाही. आत २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन एवढंच नाही, ते पाणी हलतं. कयाक डावीकडे जरा कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तिला अजून कलवतं. मोठमोठी जहाजं सुद्धा या हलत्या पाण्यामुळे उलटली आहेत. निघायच्या आधी बूच हाताने ओढून बघा, आणि पाण्यात असताना कयाक नेहमीपेक्षा जड, सुस्त वाटायला लागली तर गळ गुंडाळून सरळ किनारा धरा. पोकळीत फोमचे तुकडे भरून ठेवले तर पाणी शिरलं तरी कयाक तरंगत राहते, खर्च पण फारसा नाही.

आता पाण्यात पडण्याबद्दल. पडणार, हे धरूनच चालायचं. डोकं पाण्याबाहेर ठेवायला मोठ्या माणसाला साधारण ३ ते ५ किलोचा आधार लागतो, आणि ५० न्यूटनचं लाइफ जॅकेट साधारण ५ किलोचा देतं. बस, एवढ्याशा फरकावर सगळं अवलंबून असतं, आणि तो आधार पडायच्या आधी अंगावर असावा लागतो. सीटच्या मागे बांधलेलं जॅकेट हलत्या पाण्यात घालता येत नाही, विश्वास नसेल तर छातीभर पाण्यात प्रयत्न करून बघा. पोहता येतं म्हणून नको, असं म्हणणारे भेटतात. पण रिकामी कयाक वाऱ्यावर इतक्या वेगाने सरकते की ती एकदा हातातून सुटली तर चांगला पोहणाराही तिला गाठू शकेलच असं नाही. म्हणून पडलात तर पहिलं काम कयाक धरणं. वल्ह्याला दोरी हवीच.

परत चढायची पद्धत अशी: कयाक उलटी असेल तर पलीकडची कड ओढून सुलटी करायची, मग मध्यावर दोन्ही हात ठेवून पाय मागे पाण्यात आडवे आणायचे, जोरात पाय मारत पोटावर सरकत वर यायचं, मग वळून बूड सीटमध्ये, आणि शेवटी पाय. उभ्या अंगाने वर ओढून घ्यायला गेलात तर कयाक परत अंगावर उलटते. हे तलावात किंवा शांत खाडीत, सामान बांधून, दमलेलं असताना जमायला हवं. जोपर्यंत हे सलग चार-पाच वेळा न अडखळता जमत नाही तोपर्यंत बाहेर समुद्रात जाऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

सगळ्यात जास्त लोक पडतात ते मात्र खोल समुद्रात नाही, तर निघताना आणि परत येताना, लाटा फुटतात त्या पट्ट्यात. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या वर गेली की ती साधारण तिथे फुटते, म्हणजे मीटरभर लाट सव्वा मीटर पाण्यात. किनाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून बघा, लाटा सारख्या येत नाहीत, चार-सहा मोठ्या आणि मग बराच वेळ छोट्या. दूरवरून आलेल्या, थोड्या वेगवेगळ्या कालावधीच्या (कालावधी म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ) लाटा एकमेकींत मिसळतात, कधी बेरीज होते कधी वजाबाकी, म्हणून असे घोळके तयार होतात. निघायचं ते मोठा घोळका संपल्यावर, कयाकचं नाक सरळ लाटेकडे ठेवून, आणि थांबायचं नाही. येताना फुटणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर थांबून, गळ-बिळ सगळं बांधून, शेवटच्या मोठ्या लाटेच्या पाठीमागून आत शिरायचं. कयाक आडवी झाली तर अंग लाटेच्या बाजूला कलवा, किनाऱ्याच्या बाजूला नाही. आणि उतरताना कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही, ३०-४० किलोची कयाक मागून लाट घेऊन आली की गुडघा जातो.

अंदाज बघताना लोक फक्त लाटेची उंची बघतात, तिचा कालावधी पण बघा. मीटरभर लाट ६ सेकंदांची असेल तर ती इथल्याच वाऱ्याची, १६ सेकंदांची असेल तर ती हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात जन्मलेली. ती ऊर्जा ताशी साधारण ४५ किमीने काही दिवस प्रवास करत इथे पोचते, उथळ पाण्यात आल्यावर उंचावते, आणि तेव्हा इथे वारा शून्य, आकाश निरभ्र असू शकतं. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज आणि इशारे फुकट देते, निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघायचे.

भरती-ओहोटीचा आडाखा कोकणात घरोघरी माहितीये, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला ६ वाजता भरती, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. नक्की वेळ तक्त्यात बघा, पण एवढ्यावरून सकाळ कळते. अष्टमीला सहापासून पाणी ओसरतंय, म्हणजे खाडीतून निघालात तर ते तुम्हाला बाहेर नेणार आणि परत येताना विरुद्ध असणार. पौर्णिमेला उलट, सकाळभर पाणी आत चढतंय, येताना तुमच्या सोबत, पण उधाण असल्यामुळे प्रवाह जास्त जोराचा. मुंबईला मोठ्या उधाणाला भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवण-गोव्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि सहा तासांत पाणी एकसारखं चढत-उतरत नाही, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं, त्यामुळे प्रवाह तेव्हा सगळ्यात जोरात.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, दाभोळला वाशिष्ठी, बाणकोटला सावित्री, अशा मुखांवर ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि समोरून खारा वारा लागलाय अशी वेळ आली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, कारण समोरचा प्रवाह लाटेला दाबून जवळ जवळ आणतो. त्यात वाळूचे दांडे. नवख्याने मुखापासून लांबच राहावं, तांबोशी आणि चोणक हे मासे तिथेच लागतात हे माहीत असूनही.

नांगर टाकायची सवय मला सुरुवातीच्या लोकांत आवडत नाही. प्रवाहात नांगराची दोरी कयाकच्या बाजूला बांधली तर पाणी तिला आडवं दाबतं आणि उलटवतं. टाकायचाच तर दोरी नाकाला किंवा शेपटीला, एका हिसक्यात सुटेल अशी, आणि चाकू छातीवर. मोठी सुरमई किंवा मोडोसा लागला तर तो कयाकला ओढत नेतो, घाबरू नका, पण गळ नाकाच्या बाजूला ठेवा, बाजूने ताण आला की तोल जातो. मासा वर घेताना डोकं कयाकच्या कडेबाहेर गेलं नाही पाहिजे, कारण डोकं गेलं की खांदे आणि बाकीचं वजन त्याच्यामागून जातं. शिंगाळ्याचा काटा किंवा पाखटाची (स्टिंगरे माशाची) नांगी लागली तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा-एक तास बुडवायची, त्या विषातली प्रथिनं उष्णतेने मोडतात आणि वेदना कमी होते. मग डॉक्टर, घरी बसायचं नाही.

कयाकवर बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून मीटरभरही वर नसतात, त्यामुळे क्षितिज जेमतेम साडेतीन किलोमीटरवर असतं. सपाट किनाऱ्यापासून याच्या पलीकडे गेलात तर वाळू दिसणंच बंद होतं, नुसती माडांची शेंडी. आणि ट्रॉलरवाल्याला तुम्ही लाटांमध्ये दिसतच नाही, रडारवर प्लास्टिकची कयाक उमटत नाही. केशरी किंवा पिवळा झेंडा उंच काठीवर, जॅकेटला शिट्टी, फोन वॉटरप्रूफ पिशवीत अंगाला बांधलेला.

पहिले काही महिने खाडीत, मग आडोशाच्या उपसागरात, मग खडपांच्या (किनाऱ्यालगतच्या खडकांच्या) आसपास किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर, आणि नेहमी दोन कयाक तरी सोबत. जूनपासून पावसाळाभर अजिबात नाही. यांत्रिक होड्यांना पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तुमची कयाक त्यात बसत नसली तरी तो समुद्र तुमच्यासाठी नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गाभ्याच्या भागात गरवू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर लांबून वळसा घ्या, आणि निघायच्या आधी किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या मामांना विचारा की आज वारा कधी फिरेल, ते नको म्हणाले तर नको.

घरी एका माणसाला लिहून द्या: कुठून निघालो, कुठपर्यंत जाणार, कयाकचा रंग, किती वाजता परत. साडेदहा म्हटलं असेल तर अकरापर्यंत फोन आला नाही की त्याने वाट बघत बसायचं नाही, कोस्ट गार्डचा १५५४ लावायचा, नाहीतर ११२.